लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी दुर्बीण कशी निवडावी?

इंग्लंडमधील बिस्ले येथे 1000 यार्ड, म्हणजे सुमारे 914 मीटरवर नेमबाजी होते. तिथल्या एफ-क्लास प्रकारात रायफलवर दुर्बीण, म्हणजेच स्कोप, चालतो. एवढ्या अंतरावर गोळी कित्येक मीटर खाली येते. म्हणून नुसतं मोठं दाखवणारा स्कोप घेऊन भागत नाही. या तीन गोष्टी बघा.

1) एकक : 1 मिल म्हणजे 1000 मीटरवर 1 मीटर. 1 एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, तिथे सुमारे 29 सेंमी. समजा, काचेवरच्या खुणा मिलमध्ये आणि फिरवायचं बटण एमओएमध्ये आहे. गोळी 2 मिल, म्हणजे 2 मीटर चुकली. तुम्ही घाईत बटण 2 फिरवलं, तर फरक पडेल फक्त 58 सेंमीचा! म्हणून दोन्हीकडे एकच एकक हवं.

2) बटणाची मर्यादा : गोळी जेवढी खाली येते, तेवढा नेम वर घेता आला पाहिजे.

3) पॅरालॅक्स : डोळा हलला की नेम सरकलेला दिसतो. तो दोष घालवणारं बटण असावं.

सरावासाठी : 0.1 मिलच्या एका क्लिकने 700 मीटरवर किती सेंमी फरक पडेल? वहीत सोडवा. (उत्तर : 7 सेंमी)