ब्रायडल क्रीपरवर तांबेरा सोडायची कृती

गव्हावर तांबेरा दिसला की आपल्याकडचा शेतकरी हबकतो. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात मात्र एक तांबेरा लोक मुद्दाम पसरवतात. ब्रायडल क्रीपर ही शतावरीच्या कुळातली वेल दक्षिण आफ्रिकेतून शोभेसाठी तिथे आली आणि रानातली झुडपं गुदमरवू लागली. तिच्याच मायदेशातली 'पक्सिनिया मिर्सिफिली' ही बुरशी, इतर झाडांना धोका नाही याची खात्री करून, २००० साली तिथे सोडली गेली. पर्थ, ॲडलेडकडे राहून रान राखणाऱ्या गटांत काम करणाऱ्या वाचकांसाठी ही कृती.

वेळ हिवाळ्याची, जून ते ऑगस्ट. उन्हाळ्यात वेल वरून वाळते, फक्त जमिनीतले कंद जिवंत राहतात. तेव्हा फवारून उपयोग नाही. आधी जागेच्या मालकाची किंवा उद्यानाची परवानगी घ्या.

तांबेरा धरलेली वेल शोधा. पान उलटून पाहा: वर पिवळे डाग, खाली नारिंगी पुटकुळ्या. बोटाला नारिंगी भुकटी लागली की बीजाणू तयार आहेत असं समजा. अशा वेली बादलीभर पाण्यात घालून जोरजोरात खळबळा. पाणी नारिंगी झालं पाहिजे. फिकट राहिलं तर आणखी वेली घाला. मग कापडातून गाळून फवारणी पंपात भरा. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला असला तरी घेऊ नका. पाणी साठवूनही ठेवू नका, त्याच दिवशी वापरा.

फवारणी संध्याकाळी करा, सावलीतल्या दमट जागी, निरोगी हिरव्या पानांवर. सगळं यश ओलाव्यावर आहे. पान रात्रभर ओलं राहिलं तरच बीजाणू रुजून आत शिरतात, म्हणून फवारलेला भाग प्लास्टिकने झाका आणि सकाळी आठवणीने काढा. पुढचं काम वारा करतो, सगळं रान फवारत बसायची गरज नाही.

काही आठवड्यांनी पुटकुळ्या शोधा. त्या दिसल्या नाहीत तर पुढच्या ओल्या दिवसांत पुन्हा फवारा. या वेलीचा 'वेस्टर्न केप' नावाचा प्रकार मात्र या तांबेऱ्याला दाद देत नाही, तिथे वेळ घालवू नका.

कंदांत साठा असतो, त्यामुळे वेल एका हिवाळ्यात मरत नाही. वर्षागणिक खंगत जाते. ती विरळ झाली की मोकळ्या जागेत तिथलीच देशी रोपं लावा, नाहीतर दुसरं तण घुसेल.