गवती चहा आणि जीवाची धडधड



बैठकीत बचतीचा हिशेब झाला, रजिस्टर मिटलं की खरं बोलणं सुरू होतं. पऱ्हाटीचा भाव, पावसाचा खंड, पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज. मग एखादी हळूच म्हणते, "रातभर डोळ्याले डोळा लागत नाही ताई, काळीज धडधड करते. गवती चहा पेल्यावर थोडं बरं वाटते." लगेच दुसरी तुळस सांगते, तिसरी सुंठ, चौथी बाजारातून आणलेल्या अश्वगंधाच्या पुडीचं नाव घेते. मागच्या महिन्यात तीन गटांत हाच विषय निघाला, म्हणून या अंकातला आरोग्याचा पाठ यावरच घेतला आहे.

आधी चहा नीट करायचा कसा ते पाहू. गवती चहा बहुतेकींच्या मोरीच्या पाण्यावर वाढलेला असतो. चार-पाच ताजी पाती धुवा, कापून घ्या. दीड कप पाण्याला उकळी आली की पाती टाका, गॅस बारीक करा आणि भांड्यावर झाकण ठेवा. झाकण महत्त्वाचं, कारण पातीचा वास म्हणजेच तिचं तेल, आणि उघडं उकळलं की ते वाफेबरोबर उडून जातं. पाच-सात मिनिटं पुरे. हवं तर आल्याचा तुकडा, तुळशीची दोन पानं टाका. गूळ शेवटी, आच बंद केल्यावर. दूध नको. मधुमेह असेल तर गूळही नको, आणि "गूळ चालते" असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका, गुळानेही साखर वाढतेच.

आता मुद्द्याचं. याने जीवाची घबराट जाते का? ब्राझीलमध्येही लोक गवती चहा मन शांत करायला पितात, अगदी आपल्यासारखाच. तिथल्या संशोधकांनी १९८६ साली माणसांवर त्याची तपासणी केली. अपाय काही दिसला नाही. पण झोप वाढली किंवा चिंता कमी झाली, असंही दिसलं नाही. म्हणजे गवती चहा हे चिंतेवरचं औषध नाही.

मग आपल्या ताईला बरं वाटतं ते खोटं का? खोटं नाही. तिने दिवसभरात पहिल्यांदा दहा मिनिटं बूड टेकवलं, गरम कप हातात धरला, वाफ नाकात गेली, श्वास सावकाश झाला. शेजारीण बाजूला बसली असेल तर आणखीच बरं. हा आराम खरा आहे, तो पातीत शोधू नका एवढंच. आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. गवती चहा घेतला म्हणजे तेवढा एक साधा चहा कमी झाला.

आपण दिवसाला किती कप चहा पितो ते एकदा मोजा. वावरात जायच्या आधी, आल्यावर, पाहुणा आला की, भूक मारायला, डोकं दुखलं म्हणून. सहा-सात कप सहज होतात. चहापत्तीत कॅफिन असतं. त्याने काळीज जोरात चालतं, हात थरथरतात, झोप उडते. संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री दहालाही अंगात असतं. ज्या बाईला आधीच काळजी लागली आहे, तिला ही धडधड काळजीचीच वाटते. म्हणून दुपारी तीननंतर साधा चहा बंद, त्याजागी गवती चहा, असं पंधरा दिवस करून पाहा. एकदम सगळा चहा सोडू नका, डोकं दुखेल. जेवणाबरोबर आणि लोहाच्या गोळीबरोबर तर चहा नकोच, तो लोह अंगात शोषू देत नाही.

लोहावरून आठवलं. रक्त कमी असलं तरी धाप लागते, छातीत धडधडतं, चक्कर येते. थायरॉईड वाढला तरी तसंच. आपण त्याला "टेन्शन" म्हणून मोकळ्या होतो. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, मग काढ्याचा विचार करा.

पुड्यांबद्दल सावध राहा. अश्वगंधाने ताण थोडा कमी होतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे, पण गरोदर बाईने ती घेऊ नये, आणि थायरॉईडची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. ज्येष्ठमध रोज घेतलं तर बीपी वाढू शकतं. आणि कोणत्याही काढ्याच्या भरवशावर बीपीची किंवा मनाच्या आजाराची चालू गोळी बंद करायची नाही.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी वेगळी सांगावी लागते. २०१७ च्या फवारणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचा जीव गेला. फवारणी करून आलेला माणूस, किंवा औषधात पाणी मिसळणारी, त्याचे कपडे धुणारी बाई घाबरीघुबरी झाली, खूप घाम, तोंडातून लाळ, मळमळ, अंग थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, तर ती चिंता नाही, ते विष आहे. चहा नाही, काढा नाही, लिंबूपाणी नाही. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा, औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या.

आता जी काळजी खरंच मनाची आहे, तिच्याबद्दल. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कामात मन लागत नाही, सारखं रडू येतं, घरी-दारी चिडचिड होते, तर चहाचं काम संपलं. आशाताईला सांगा. २०१५ साली सरकारने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपलं यवतमाळ आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर बसतात. जायला एसटीचं भाडं नसेल तर १४४१६ वर फोन करा. ही टेलिमानसची सेवा आहे, २०२२ पासून चालू, रात्री-अपरात्री लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि कोणी "आता जगून काय करू" असं म्हणालं, तर चहा ठेवायला उठू नका, तिथेच बसा. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं बोलता येतं. तिला एकटीला सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर कुलपात टाका, किल्ली दुसऱ्याकडे. हे माझ्या मते सगळ्या गटांनी, कोणी काही म्हणायची वाट न पाहता करायला पाहिजे. मान्य आहे, कुलपाला पैसे लागतात. गटाच्या अंतर्गत कर्जातून सत्तर-ऐंशी रुपये निघतात.

पुढच्या बैठकीत करायचं काम: प्रत्येकीने कालच्या दिवसात किती कप चहा घेतला ते सांगायचं, सचिवाने लिहून ठेवायचं. १४४१६ नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये टाकून द्यायचा, ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्या घरच्या भिंतीवर खडूने लिहायचा. फवारणीचं औषध कुणाच्या घरात कुठे ठेवलं आहे, हे विचारायचं. आणि ज्यांच्या मोरीजवळ गवती चहा आहे त्यांनी एक-एक जुडी आणायची, बैठक संपल्यावर सगळ्यांसाठी एकच भगोनं ठेवायचं.