सरासरीत हरवलेला वर्ग

दिघा, तुर्भे आणि बेलापूर. केंद्रं तीन, पण अहवालात टक्केवारी एकच. प्रौढ साक्षरता आणि रोजगार कौशल्यं एकत्र शिकवणाऱ्या एका संस्थेच्या नवी मुंबईतल्या प्रायोगिक वर्गांचं मूल्यमापन मी जवळून पाहिलं. त्या एका आकड्यानं केलेलं नुकसानही पाहिलं. बेलापूरच्या बहुतेक मुली दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांना संगणक आणि मुलाखतीची तयारी हवी होती. तुर्भ्यात मोठी माणसं सही करायला, पगाराची पावती वाचायला शिकत होती. सगळ्यांची सरासरी निघाली आणि उपक्रम यशस्वी ठरला. तुर्भ्याचा वर्ग मात्र ओस पडत चालला होता.

कारण वस्तीत फिरलं की कळत होतं. एपीएमसीच्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या, भाजी बाजारात काम पहाटेआधीच सुरू होतं; संध्याकाळचा वर्ग नेमका त्या माणसांच्या झोपेवर येत होता. मे महिन्यात कित्येक बिऱ्हाडं गावी गेली. गेलेल्यांची नावं पटावरून कमी झाली, शेवटची चाचणी उरलेल्यांनीच दिली. निकाल चांगला लागणारच होता.

म्हणून पहिल्या दिवशी पटावर असलेलं प्रत्येक नाव शेवटपर्यंत मोजायचं आणि प्रत्येक केंद्राचा हिशेब वेगळा ठेवायचा. सोडून गेलेल्या माणसाशी बोलणं हे मूल्यमापनातलं सगळ्यात मोलाचं काम आहे, असं मला वाटतं.

‘नोकरी लागली’ म्हणजे काय, हेही वर्ग सुरू होण्याआधीच ठरायला हवं. इथे रुजू झाल्याचं पत्र म्हणजे नोकरी, असं धरलं गेलं. एमआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत लागलेल्या काही बायकांनी पहिल्या पगारानंतर काम सोडलं, कारण पाळी रात्री सुटायची आणि रिक्षाभाड्यात कमाई जायची. अहवालात त्या नोकरदारच राहिल्या.

शिकणाऱ्यांच्या गरजेवरून वर्ग आखणं आपल्याकडे नवं नाही. १९६७ मध्ये मुंबईत वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू झालं. कामगाराची गरज आधी पाहायची, अभ्यासक्रम तिच्यावरून आखायचा, ही त्यामागची कल्पना. १९७७ च्या केंद्रीय आढावा गटानं ती उचलून धरली आणि अशा संस्थांचं जाळं उभारण्याची शिफारस केली. आजच्या जनशिक्षण संस्था त्याच परंपरेतल्या. त्या प्रयोगाला दहा वर्षं मिळाली. आज पुष्कळ उपक्रमांना एका वर्षात यश दाखवावं लागतं, हा शिकणाऱ्यांवर अन्याय आहे.

तुलनेशिवाय तर काहीच सिद्ध होत नाही. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या माता-साक्षरता वर्गांचा अभ्यास बिहार आणि राजस्थानातल्या ४८० गावांत झाला, तेव्हा कुठे वर्ग घ्यायचे आणि कुठे नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. त्यामुळे फरक वर्गानं पडला की एरवीही पडला असता, हे सांगता आलं. नवी मुंबईत अशा तुलनेची गरज जास्तच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इथल्या नव्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिथल्या नोकऱ्यांचं श्रेय वर्गाला देण्याआधी, वर्गाला न आलेल्या शेजारणीलाही काम मिळालं का, हे विचारायला हवं.

त्यासाठी माणसं सापडायला हवीत. रिचार्ज संपला की नंबर बदलतो. नाव नोंदवतानाच शेजाऱ्याचा आणि गावाकडचा असे आणखी दोन नंबर, त्या माणसाला विचारून, लिहून घ्यावेत. आणि सहा महिन्यांनंतरच्या घरभेटींचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.