ऑस्करच्या कपाळावरचे खड्डे

ऑस्कर मासा माणसाळतो, म्हणून लोक त्याला जीव लावतात. घरातलं माणूस जवळ आलं की तो काचेशी येतो, हातातून खातो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षंही सोबत करतो. जामखेडमधल्या एका घरात असाच एक ऑस्कर होता. त्याच्या कपाळावर डोळ्याच्या जरा वर टाचणीच्या डोक्याएवढा पांढुरका ठिपका दिसू लागला. ठिपक्याचा खड्डा झाला, खड्ड्यातून पांढरा चिकट पदार्थ येऊ लागला, मग शेजारी दुसरा खड्डा पडला. दुकानातून सल्ला मिळाला तो नेहमीचाच: मूठभर मीठ टाका, निळं औषध टाका. पाणी निळं झालं आणि खड्डे वाढतच गेले.

ते वाढणारच होते. या आजाराला शौकीन मंडळी ‘होल इन द हेड’ म्हणतात आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा कातडीवर नसतंच. ऑस्कर, डिस्कस, फ्लॉवरहॉर्न, एंजल हे सगळे सिक्लिड कुळातले मासे. त्यांच्या आतड्यात स्पायरोन्यूक्लिअस नावाचा शेपटीवाला एकपेशीय परजीवी सापडतो. त्यातली ‘व्हॉर्टेन्स’ ही जात 1995 मध्ये एंजल माशातून प्रथम नोंदवली गेली आणि 2001 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी तिचा संबंध या खड्ड्यांशी जोडला. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू. बुरशीवर, अंड्यांवर त्याचा उपयोग होतो. आतड्यातल्या परजीवीपर्यंत ते पोचत नाही. वर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारून पाणी आणखी बिघडवतं.

पण परजीवी हे अर्धंच उत्तर आहे. धडधाकट दिसणाऱ्या माशांच्या पोटातही तो असतो आणि वर्षानुवर्षं काही करत नाही. मासा खचला की तो उचल खातो. मासा खचतो तो साचलेल्या नायट्रेटमुळे, कोंदट टाकीमुळे आणि एकसुरी खाण्यामुळे. खाऱ्या पाण्यातल्या सर्जन माशांनाही असाच आजार होतो. तिथे 2011 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात फिल्टरमधला लिग्नाइटचा कार्बनच कारण ठरला होता. म्हणजे खड्डे तेच, वाट वेगळी. म्हणून औषधाआधी टाकी तपासायची.

ही गोष्ट जामखेडकरांना वेगळी सांगायला नको. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं आणि दवाखान्याच्या आधी पिण्याचं पाणी, पोरांचं खाणं, स्वच्छता यांना हात घातला. आज जगभर ‘जामखेड मॉडेल’ म्हणून ते शिकवलं जातं. माशाच्या टाकीलाही हाच क्रम लागू पडतो, असं ठामपणे म्हणता येतं.

पाण्याचा प्रश्न इथे खरोखर अवघड आहे. शहराला भुतवडा तलावाचं पाणी, ते कमी पडलं की बोअर, उन्हाळ्यात टँकर. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट भारतीय मानकांना चालतं. ऑस्करच्या टाकीत मात्र ते 20च्या आसपास ठेवलेलं बरं, 40च्या वर तर नकोच. शेतातल्या बोअरला खतांचं नायट्रेट आधीच उतरलेलं असेल, तर पाणी कितीही वेळा बदला, आकडा खाली येत नाही. त्या घरात हेच निघालं. थेंबांच्या किटने टाकीचं पाणी तपासलं, मग बोअरचं तपासलं, आणि दोन्हींचा रंग जवळजवळ सारखाच गडद आला. त्यानंतर बोअरच्या पाण्यात जारचं आरओ पाणी मिसळून भरायला सुरुवात झाली. नुसतं आरओ भरू नये, त्यात क्षार फार कमी असतात. आणि बदल एकदम न करता हळूहळू करावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हायपोने मारून घ्यावं.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणं ही किमान गोष्ट. टंचाईत हे जिवावर येतं, पण काढलेलं पाणी वाया जात नाही. औषध नसेल तर ते झाडांना खत म्हणूनच लागतं. फूटभर वाढणाऱ्या या माशाला 250-300 लिटरची टाकी लागते. खाण्यात फक्त जिवंत गोल्डफिश किंवा चिकनचे तुकडे नकोत. गोल्डफिशमध्ये बी1 जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, शिवाय सोबत रोगही येतात. चांगल्या प्रतीचे पेलेट मुख्य ठेवावेत, अधूनमधून कोळंबी, उकडलेला वाटाणा द्यावा.

एक खबरदारी मात्र हवी. ऑस्करच्या डोक्यावर जन्मतःच बारीक, दोन्ही बाजूंना सारखी भोकं असतात. ती त्याची संवेदनांची छिद्रं. ती पाहून औषध सुरू करणारेही असतात. आजारात छिद्रांच्या कडा पांढुरक्या होतात, रुंदावतात, एका बाजूला जास्त दिसतात. जोडीला विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लांब पडते, पोट आत जातं, मासा काळवंडतो, खाणं तोंडात घेऊन थुंकतो. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते: ताज्या विष्ठेच्या थेंबात परजीवी सुसाट पळताना दिसतात. मत्स्यविज्ञान महाविद्यालयं नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीला आहेत. जवळच्या पशुवैद्यकाला तिथल्या तज्ज्ञाशी बोलायला सांगावं.

औषध आहे मेट्रोनिडॅझोल, माणसाच्या जुलाबावर देतात तेच. ते चिठ्ठीवर मिळतं आणि तसंच घ्यावं. खाण्यातून देण्याचं रूढ प्रमाण माशाच्या वजनाच्या किलोमागे रोज 50 मिलिग्रॅम, सलग 5 दिवस. अर्ध्या किलोच्या ऑस्करला रोज 25 मिलिग्रॅम, म्हणजे 200च्या गोळीचा आठवा भाग. पाच दिवसांना एक गोळीही पुरी लागत नाही. तेच पाण्यात टाकायचं तर लिटरला साधारण 6-7 मिलिग्रॅम लागतं. 200 लिटरच्या टाकीला एका वेळी सहा-सात गोळ्या, आणि त्यातलं आतड्यात किती पोचणार? म्हणून मासा खातोय तोवर खाण्यातूनच द्यावं. पाण्यातलं औषध खाणं सुटल्यावर.

गोळी कडू असते. खलात बारीक पूड करावी, कोळंबीच्या वाटणात जिलेटिन घालून त्यात ती कालवावी, थापून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्यावी आणि रोजच्या भागाचे तुकडे पाडावेत. सकाळी, मासा भुकेला असताना, सगळ्यात आधी हेच द्यावं. कालवताना हातमोजे घालावेत. गोळी निव्वळ मेट्रोनिडॅझोलचीच हवी. दुसरं प्रतिजैविक मिसळलेली गोळी पाण्यात गेली तर फिल्टर बसतो. औषध पाण्यात असेल तेव्हा कार्बन काढून ठेवावा आणि हवेचा पंप बंद पडू देऊ नये. वीज जात असेल तर बॅटरीवरचा पंप हाताशी असावा.

आधी विष्ठेचा रंग परततो, मग भूक. खड्डे भरायला आठवडे, कधी महिनेही लागतात आणि खोल खड्ड्याचा व्रण राहतो. त्या घरातल्या ऑस्करच्या कपाळावर तो आहे, पण मासा खातो, काचेशी येतो.

औषधाचं पाणी मात्र शेततळ्यात किंवा विहिरीत कधीच ओतू नये. खाण्याच्या माशांसाठी मेट्रोनिडॅझोलला भारतात बंदी आहे, आणि शेततळ्यात अनेकांनी रोहू-कटला सोडलेले असतात. उपचार संपल्यावर फिल्टरमध्ये ताजा कार्बन घालून काही दिवस चालवावा, मग ते पाणी शोषखड्ड्यात सोडावं. आजारी माशाची जाळी आणि पाणी काढायची नळी दुसऱ्या टाकीत वापरू नये. धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच पुन्हा हातात घ्यावी.