मेंदूच्या स्कॅनआधी टोचली जाणारी किरणोत्सर्गी सुई

प्रश्न : आमच्या आण्णांचे वय 71. वर्षभरापासून माणसांची नावे विसरतात, एकदा तर शेतातून घरी येताना वाट चुकले. जालन्याच्या डॉक्टरांनी छत्रपती संभाजीनगरला जाऊन मेंदूचा पेट स्कॅन करून आणायला सांगितला आहे. त्यात अंगात किरणोत्सर्गी औषध टोचतात म्हणे. गावात एकजण म्हणाला, टोचणारा माणूसच शिशाच्या आड उभा राहतो, मग आपल्या माणसाने का टोचून घ्यायचे? घरात आठ महिन्यांचा नातू आहे आणि तो दिवसभर आण्णांच्याच अंगाखांद्यावर असतो. काय करावे?
– एक वाचक, अंबड तालुका

उत्तर : तपासणी खरोखर गरजेची असेल तर आण्णांना निर्धास्तपणे घेऊन जा. गरजेची आहे का, हे कसे ठरवायचे ते पुढे सांगतो. आधी त्या सुईविषयी.

मेंदूच्या पेट स्कॅनसाठी बहुतेक वेळा एफडीजी नावाचे औषध वापरतात. ही साखरच असते, फक्त तिच्या रेणूला फ्लोरिन-18 हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या साखरेतला जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. मेंदूचा जो भाग थकत चालला आहे तो साखर कमी घेतो आणि चित्रात फिका दिसतो. कपाळामागचा भाग फिका आहे की कानशिलांच्या मागचा, यावरून विसरण्याचा प्रकार कोणता याचा अंदाज डॉक्टरांना येतो. औषध इतके थोडे असते की ते मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. म्हणून त्याची ॲलर्जी येणे फार दुर्मिळ.

फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मा होतो. सकाळी दहाला सुई टोचली तर रात्री नऊपर्यंत त्याचा चौसष्टावा भाग उरतो. मधल्या काळात लघवीवाटे जे बाहेर पडले ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जेमतेम दोन हजारावा भाग शिल्लक असतो. संपतो म्हणजे त्याचे काय होते? फ्लोरिनच्या अणूचे रूपांतर ऑक्सिजनच्या स्थिर अणूत होते आणि मागे उरते ती जवळजवळ साधी साखर.

तुमच्या भागात किरणोत्सर्गाची धास्ती असणे मी समजू शकतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळते आणि भंगारातून काय येऊ शकते हे 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत दिसले. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले जुने यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेले, त्यातला कोबाल्ट-60 उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला. कोबाल्ट-60 निम्मा व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. त्याची आणि फ्लोरिन-18ची गाठ एकाच शब्दाने बांधणे बरोबर नाही. किती आहे, किती वेळ टिकते आणि शरीरात कुठे जाऊन बसते, हे तीन प्रश्न प्रत्येक किरणोत्सर्गी पदार्थाला वेगळे विचारावे लागतात.

ते न विचारल्याचा सर्वात वाईट दाखला मेंदूच्या तपासणीच्याच इतिहासात आहे. पोर्तुगालचे डॉक्टर इगाश मोनीश यांनी 1927मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे एक्स-रे चित्र पहिल्यांदा घेतले. 1931पासून त्यासाठी ते थोरोट्रास्ट नावाचे औषध वापरू लागले. त्याने चित्रे सुरेख येत, टोचताना त्रास होत नसे, म्हणून ते जगभर पसरले. पण त्यात थोरियम होते. थोरियम निम्मे व्हायला 1,400 कोटी वर्षे लागतात आणि शरीर त्याला बाहेर टाकत नाही. यकृतात आणि प्लीहेत ते जन्मभर बसून राहिले. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांमध्ये यकृताचे कर्करोग दिसू लागले. 1950च्या दशकात ते औषध बंद पडले, पण ज्यांना ते टोचले होते त्यांच्यासाठी उशीर झाला होता. आजच्या औषधांकडून लवकर विझण्याची आणि लवकर बाहेर पडण्याची अपेक्षा ठेवली जाते, तिच्यामागे ही माणसे आहेत. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी भाबडा प्रश्न म्हणणार नाही.

आता मात्रा. मेंदूच्या एफडीजी तपासणीत रुग्णाला साधारण 4 ते 7 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून कुणालाही वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतोच. म्हणजे दोन-तीन वर्षांचा नैसर्गिक वाटा एका दिवसात. धोका शून्य आहे असे कुणी म्हणू नये, पण तो फार लहान आहे आणि दिसलाच तर कित्येक वर्षांनी. एकाहत्तराव्या वर्षी आजाराचे नीट निदान होण्याचे मोल त्याहून पुष्कळ मोठे.

शिशाच्या आड उभ्या राहणाऱ्या माणसाचेही उत्तर यातच आहे. आण्णांना ती सुई एकदा टोचायची आहे, तो रोज कितीतरी जणांना टोचतो, वर्षानुवर्षे. त्याच्या छातीवर एक बॅज असतो. त्याला किती किरणोत्सर्ग झाला ते त्यावरून ठराविक मुदतीने मोजतात. या सगळ्यावर देखरेख मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची. 1983पासून हे मंडळ काम करते. त्याच्या परवान्याशिवाय असे केंद्र चालवता येत नाही आणि तिथे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी नेमावाच लागतो. परवाना आहे का, हे विचारायला संकोचू नका.

औषधाचे हे अल्पायुष्य तुमच्या प्रवासातही जाणवेल. ते साठवून ठेवता येत नाही. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे असे औषध बनवण्याचे यंत्र, आणि पहिला पेट स्कॅनर 2002मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. आजही जिथे स्वतःचा सायक्लोट्रॉन नाही, तिथे त्या दिवसाचे औषध शिशाच्या डब्यातून गाडीने यावे लागते. जगात माणसाला एफडीजी पहिल्यांदा टोचली गेली 1976मध्ये फिलाडेल्फियात. तेव्हाही ती लाँग आयलंडवर बनवून विमानाने न्यावी लागली होती. म्हणून निघण्याआधी केंद्राला फोन करा. गाडी अडकली तर उपाशी आण्णांना घेऊन इतक्या लांब जाणे वाया जाईल.

उपाशी म्हणजे चार ते सहा तास, पाणी मात्र चालते. मधुमेह असेल तर वेळ घेतानाच सांगा. रक्तात साखर जास्त असेल तर मेंदू टोचलेली साखर कमी उचलतो आणि चित्र बिघडते. इन्सुलिन किंवा गोळी त्या दिवशी कधी घ्यायची हे केंद्राकडूनच विचारून घ्या, मनाने ठरवू नका. सुईनंतर आण्णांना अर्धा-पाऊण तास शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवतील. नातेवाईक नेमके इथे चुकतात. आण्णांना एकटे वाटू नये म्हणून गप्पा मारतात, मोबाईलवर भजन लावून देतात. बघताना, ऐकताना मेंदूचे ते ते भाग जास्त साखर ओढतात आणि चित्रावर त्याची छाप पडते. तेवढा वेळ त्यांना एकटे बसू द्या. सुई टोचताना जळजळले किंवा हात फुगला तर लगेच सांगायला त्यांना आधी समजावून ठेवा. औषध शिरेबाहेर गेले असेल तर तपासणी फसते. नंतर भरपूर पाणी आणि वरचेवर लघवी, कारण सर्वात जास्त किरणोत्सर्ग मूत्राशयाला होतो.

नातवाला त्या दिवशी आण्णांच्या मांडीवर देऊ नका, दुसऱ्या सकाळी खुशाल द्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही तो दिवस थोडे अंतर ठेवावे. एसटीने परत यायला हरकत नाही. ताटवाट्या, कपडे वेगळे धुण्याची गरज नाही, शौचालयात पाणी नेहमीपेक्षा जास्त टाका म्हणजे झाले.

कुणाच्या घरी कंपवाताच्या शंकेने ट्रोडॅट स्कॅन सांगितला असेल तर त्याचे गणित थोडे निराळे. त्यात टेक्नेशियम-99एम असते, ते सहा तासांनी निम्मे होते आणि सुईनंतर चित्र घ्यायला साधारण चार तास थांबावे लागते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी त्याचा निकाल चुकू शकतो, म्हणून चालू औषधांची यादी दाखवावी.

राहिला गरजेचा प्रश्न, आणि मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. बी-12 कमी असणे किंवा थायरॉइड मंदावणे यांनीही माणूस विसरू लागतो, आणि दोन्हींवर औषध आहे. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12ची कमतरता सर्रास आढळते. म्हातारपणी साध्या पडण्याने डोक्यात हळूहळू रक्त साचते आणि आठवड्यांनी विसरणे सुरू होते, ते साध्या सीटी स्कॅनवर दिसते आणि शस्त्रक्रियेने बरे होते. रक्ततपासणी आणि सीटी किंवा एमआरआय झाले नसेल, तर पेट स्कॅनची वेळ घेण्याआधी ते करून घ्यायला डॉक्टरांशी बोला. आण्णा अलीकडे बांधावरून किंवा न्हाणीघरात पडले होते का, हेही आठवून सांगा. पेट स्कॅनच्या निकालाने उपचारात काय बदलेल, हे डॉक्टरांना सरळ विचारा. नेमके उत्तर मिळाले तर जा. तपासणी झाल्यावर कोणते औषध किती मिलिक्युरी टोचले ते अहवालात लिहिलेले आहे ना, हे पाहून घ्या आणि चित्रांची सीडी मागा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही.