हप्त्याची तारीख भिंतीवर लाव

बाळा, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे तुला आजवर शंभर जणांनी सांगितलं असेल. अंथरूण मोजायचं कसं आणि पाय आधीच बाहेर गेले असतील तर ते आत कसे घ्यायचे, हे मात्र कुणी बसून सांगत नाही. ते मी सांगते. आमच्या घरात एके काळी पगार एक होता आणि देणी पाच. पतसंस्थेचं, ऑफिसच्या सोसायटीचं, सोनाराकडचं, वाण्याच्या वहीतलं, आणि पाचवं असं की त्याचं मला नावही माहीत नव्हतं. सगळं फिटायला नऊ वर्षं गेली. तुला सगळं एकदम जमणार नाही, आणि ही यादी तू दोनदा हरवशील हेही मला ठाऊक आहे. हरवलीस तर माग, पुन्हा लिहून देईन.

१. आधी एका कागदावर सगळी देणी लिही. कुणाचं, किती राहिलं, व्याज किती, तारीख कोणती, हप्ते किती उरले – मनातली बेरीज नेहमी कमीच भरते, कारण मन वाण्याची उधारी आणि बहिणीकडून आणलेले पाच हजार धरतच नाही.

२. हा कागद दोघांनी मिळून लिहायचा, मुलं झोपल्यावर. त्या रात्री ‘हे कशाला घेतलंस?’ असं एकमेकांना विचारायचं नाही – एकदा विचारलं की पुढच्या वेळी समोरचा माणूस एक देणं कमी सांगतो.

३. एकही देणं घरात लपवून ठेवू नकोस – झाकलेल्या खरकट्यालाच मुंग्या आधी लागतात.

इथे थांबून तुला ते पाचवं कर्ज सांगते. तुझ्या काकांनी एका माणसाकडून ३०,००० रुपये घेतले होते, शेकडा पाचने. मला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. महिन्याला १,५०० रुपये जात होते आणि मी इकडे भाजीत चार आणे वाचवत बसले होते. चौदा महिन्यांनी कळलं तेव्हा २१,००० रुपये व्याज देऊन झालं होतं आणि ३०,००० जसेच्या तसे उभे होते. माझ्या दोन पाटल्या तेव्हा कपाटात होत्या. पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर मी त्या काढून दिल्या असत्या. पुढे दिल्याच, पण २१,००० गमावल्यावर. तुझ्या काकांवर माझा राग नव्हता आणि आजही नाही. चांगली माणसंच असं लपवतात, म्हणून तुला सांगते.

४. ‘शेकडा दोन’, ‘शेकडा पाच’ असं कुणी म्हणालं की लगेच बाराने गुणायचं – बँक दर वर्षाचा सांगते, सावकार महिन्याचा. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के.

५. सावकाराकडे गेलाच असाल तर परवाना बघा. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही दर ठरवून दिलेले आहेत. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. इतरांना १५ आणि १८. व्याज मुद्दलाच्या वर घेता येत नाही – त्यापेक्षा जास्त मागत असेल, किंवा परवानाच नसेल, तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करता येते, आणि ती करायला लाजायचं कारण नाही.

६. ‘हप्ता किती?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘शेवटपर्यंत एकूण किती भरायचे?’ – हप्ता लहान करायचा तर नुसती मुदत लांबवली की पुरते, आणि लांबवलेल्या प्रत्येक महिन्याचं व्याज तूच भरतोस.

७. ‘फ्लॅट’ दर ऐकलास की कान टवकार. १ लाखाला १२ टक्के फ्लॅट, तीन वर्षं, म्हणजे ३६,००० व्याज आणि ३,७७८चा हप्ता – तू दर महिन्याला मुद्दल परत करतोस, तरी व्याज मात्र पूर्ण लाखावरच लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो.

८. क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून जो आकडा छापतात, त्याच्याकडे बघूच नकोस. बाकी ५०,००० आणि व्याज महिना साडेतीन टक्के धर. तू २,५०० भरलेस तर १,७५० व्याजात गेले, ३१५ त्यावरच्या जीएसटीत, आणि मुद्दलातून फिटले फक्त ४३५ – एवढं भरून वर त्याच कार्डावर एक चप्पल घेतली की महिना फुकट.

९. त्याच कार्डाने एटीएममधून रोख तर कधीच काढू नकोस – खरेदीला मिळतात ते बिनव्याजी दिवस रोखीला नसतात, व्याज त्याच दिवसापासून धावतं.

१०. फेडताना सर्वांत जास्त व्याजाचं आधी, बाकीच्यांचे नुसते ठरलेले हप्ते. एक फिटलं की त्याचाच हप्ता पुढच्याकडे वळव – त्या पैशाशिवाय जगायची घराला सवय झालेलीच असते. माझं स्वतःचं एक मत मात्र हिशेबात बसत नाही, तरी सांगते. वाण्याची उधारी सगळ्यांच्या आधी दे. त्याला व्याज नसतं, पण मुलांना त्याच्या दुकानात पाठवताना आपली जीभ अडखळते.

११. बँकेत मुदत ठेव आहे आणि कार्डावर बाकी आहे, असं दोन्ही एकाच घरात ठेवू नकोस – ठेवीवर सहा-सात टक्के मिळतात, कार्डाला चाळीसच्या आसपास जातात; ठेव मोडताना जीव कासावीस होतो, पण होऊ दे.

१२. सोन्याचंही तेच. अंगावर न घातलेलं सोनं मोड किंवा बँकेत तारण ठेव, आणि सोनाराकडे ठेवलंस तर वजन आणि कॅरेट लिहिलेली पावती हातात घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नकोस – आम्ही तोंडी विश्वासावर ठेवलेल्या एका गोफाचं वजन सोडवताना बदललं होतं.

१३. एक कर्ज फेडायला दुसरं काढायचं तर दोन अटी पाळ. नव्याचा दर कमी हवा आणि जुनं खातं त्याच आठवड्यात बंद व्हायला हवं – गळक्या माठाखाली दुसरा माठ ठेवून घरात पाणी वाढत नाही.

१४. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची मागून घे, आणि ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल पेनने लिही, फोनमध्ये नको – फोन एकाच्या खिशात असतो, भिंत सगळ्यांना दिसते.

१५. खर्च कापायचा तर सूनबाईच्या चहापासून सुरुवात करू नकोस. भाडं, गाडी, शाळा, बाहेरचं जेवण हे चार आकडे आधी बघ – दहा-दहा रुपयांसाठी भांडून घर आंबतं आणि हप्त्यावरची गाडी तशीच दारात उभी राहते. गाडी आठवड्यातून दोनदाच निघत असेल तर वीक. लोक आठ दिवस बोलतील, नवव्या दिवशी त्यांना दुसरं काही मिळेल.

१६. किराणा-भाजीचे आठवड्याचे पैसे रोख काढून डब्यात ठेव – फोनवरून पैसे देताना नोट हातातून सुटल्याचं कळत नाही, डब्याचा तळ मात्र डोळ्यांना दिसतो.

१७. जूनची फी, गणपती, दिवाळी, विम्याचा हप्ता, घरपट्टी, सगळ्यांची बेरीज करून बाराने भाग आणि तेवढं दर महिन्याला बँकेच्या एका वर्षाच्या आवर्ती ठेवीत टाक – गणपती दरवर्षी भाद्रपदातच येतात बाळा, आणि तरी तुम्ही दरवर्षी ‘अचानक खर्च निघाला’ म्हणता.

१८. मिळकत वाढवायला जोडधंदा केलास तर त्याचं वेगळं पाकीट ठेव. मी पाच वर्षं डबे दिले. पहिलं वर्ष आलेले सगळे पैसे नफाच समजत होते – सिलिंडर, तेल आणि भाजी वजा केल्यावर महिन्याला उरत होते दीड हजार, आणि मी खर्च करत होते तीन.

१९. लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता नवऱ्यामुलाला आणि नवरीला आधी दाखव, मग हॉल ठरव – दोघांतलं एक तरी शहाणं निघतं आणि पाहुण्यांची यादी आपोआप निम्मी होते. उसनं पीठ भाकरीला पुरतं, पंगतीला नाही.

२०. जामीन राहायची वेळ आली तर एकच हिशेब कर. हे सगळं कर्ज उद्या मला एकट्याला फेडता येईल का? – १८७२च्या करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

याचा अर्थ मला कळला तो वेळ गेल्यावर. ऑफिसातल्या एका मैत्रिणीसाठी मी पतसंस्थेच्या कर्जाला सही केली. तिची बदली झाली, मग हप्ते थांबले, मग माझ्या पगारातून कपात सुरू झाली. मला वाटायचं की आधी तिच्या दारात जातील, सगळं विकून बघतील आणि मग माझ्याकडे येतील. तसा नियम नाही. सही करताना पेन हलकं असतं, पुढे त्याचं वजन तीन वर्षं पगारात दिसतं. नाही म्हणायचं असेल तर माझं नाव सांग. ‘काकूला शब्द दिलाय’ म्हण. मी वाईट व्हायला तयार आहे.

२१. कोरा चेक सही करून कुणालाही देऊ नकोस, अगदी ओळखीच्यालाही – देण्यापोटी दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला तर चेक-हुंडीच्या १८८१च्या कायद्याच्या १३८व्या कलमाखाली फौजदारी खटला होऊ शकतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२२. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने तुझे फोन नंबर आणि फोटो बघायची परवानगी मागितली की तिथेच थांब. पैसे कोणत्या बँकेचे किंवा वित्त कंपनीचे आहेत हे आधी विचार – रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यांना तुझी नंबरांची यादी उघडता येत नाही; जे उघडतात ते पुढे त्याच यादीतल्या लोकांना फोन करून तुझी अब्रू काढतात. तसं झालंच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन कर.

२३. नोकरी गेली, आजारपण आलं, तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. अर्ज लेखी दे आणि पोच घे – ९० दिवस थकलं की खातं बुडीत कर्जांत धरलं जातं, आणि घर तारण असेल तर पुढे ६० दिवसांची नोटीस येते. आधी गेलास तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते.

२४. हप्ता पुढे ढकलायची सवलत मिळाली की व्याजाचं काय ते विचारून घे – २०२०मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवायची मुभा होती, व्याज त्या सहा महिन्यांतही चालू होतं.

२५. वसुलीचा फोन सकाळी ८च्या आधी किंवा संध्याकाळी ७नंतर आला तर वेळ लिहून ठेव, धमकी दिली तर शब्दही लिही. बँकेकडे तक्रार दे आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा – देणं आहे म्हणजे माणसाने अपमान सोसावा असं कुठे लिहिलेलं नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना तो फोन उचलायला लावू नकोस.

२६. दवाखान्याचं मोठं काम निघालं तर कर्ज शोधण्याआधी रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेट – महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार होतात, पण योजनेतल्याच रुग्णालयात. दाखल झाल्यावर विचारलं तर उशीर होतो.

२७. बदलत्या दराचं घरकर्ज असेल तर दिवाळीचा बोनस त्यात भर – मुदतीआधी फेडल्याचा दंड त्यावर लावता येत नाही.

२८. कर्ज फिटलं की पेढे नंतर, ‘देणे बाकी नाही’चा दाखला आधी. घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत – बँकेने उशीर केला तर दिवसाला ५,००० रुपये तिला द्यावे लागतात, पण त्यासाठी शेवटचा हप्ता कधी भरला ते तुझ्याकडे लेखी हवं. सिबिलचा अहवालही वर्षातून एकदा फुकट मिळतो. मागवून बघ, फिटलेलं कर्ज कधी कधी तिथे उघडंच राहतं.

२९. दहा वर्षांच्या मुलांनाही सांग, ‘यंदा आपण पैसे फेडतोय.’ आकडा नको, एवढंच – आम्ही असं सांगितलं त्या वर्षी आमच्या धाकटीने सहलीला नाही म्हटलं ते स्वतःहून, आणि शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी भिंतीवरच्या तारखेवर फुली तिनेच मारली.

पहिला कागद लिहिताना हात थांबेल. थांबला तर रविवारी दोघं इकडे या, मुलांनाही आणा. आमटी-भात करते. जेवण झाल्यावर बेरीज आपण तिघं मिळून करू, आणि काय निघालं ते या घराबाहेर जाणार नाही.