कल्पनेला भुलण्याआधी

रात्रीची कोकण रेल्वे. उक्षी सोडून गाडी करबुडे बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटर नुसता काळोख. भोके यायच्या आत गाडी बाहेर पडते, तेव्हा वातानुकूलित डब्यातला एक बिल्डर बर्थवर नसतो. गाडी कुठे थांबलेली नाही, दारं आतून बंद.

मलपृष्ठावर एवढंच होतं. रत्नागिरीला जाणाऱ्या कुठल्याही माणसाने ते पुस्तक उचललं असतं, मीही उचललं. सुरुवातीची प्रकरणं झकास. टीसीची उलटतपासणी, समोरच्या बर्थवरच्या आजीबाईंचं नको तितकं जागं असणं, सगळ्यांवर संशय. मग तपास अधिकाऱ्याचा घटस्फोट सुरू झाला आणि बोगद्याचं कुणी नावच काढेना. शेवटी उलगडा काय, तर बिल्डरला जुळा भाऊ होता! हा भाऊ आम्हाला भेटला तो थेट शेवटून दुसऱ्या प्रकरणात. बरं, गाडीत भाऊच चढला होता म्हणे. पण तो तरी बंद डब्यातून गेला कुठे? ते लेखक सांगायलाच विसरला.

रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्लिश पाद्र्याने १९२९ साली या प्रकारासाठी दहा नियम मांडले होते. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे. वाचकाची आधी तयारी करून घेतल्याशिवाय जुळे आणायचे नाहीत. नियम मोडायलाही हरकत नाही, पण मोडणारा तयारीचा हवा. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’चा शेवट वाचून आपण चरफडतो, मागची पानं उलटतो, आणि सगळे धागे तिथेच पडलेले सापडतात. आमच्या कादंबरीत मागे जाऊन शोधलं तर फक्त घटस्फोट.

भन्नाट कल्पना म्हणजे लेखकाने वाचकाकडून घेतलेली उधारी. ती फेडायची ऐपत मलपृष्ठावरून कळत नाही. म्हणून दुकानात उभ्या उभ्या मधलंच एखादं प्रकरण उघडा. तिथे मूळ कोड्याशी कुणी झटतंय का, की नायक गॅलरीत सिगारेट ओढत भूतकाळ आठवतोय? तपास करणारा स्वतः काही शोधतो, की नेमक्या वेळी त्याला निनावी फोन येतो? असे दोन फोन आले की पुस्तक खाली ठेवावं. शेवटचं पान मात्र उघडू नका, चांगलं पुस्तक असेल तर हकनाक वाया जाईल. जाडीकडेही बघा. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला नायक झुंजार छोटेखानी पुस्तकात काम उरकायचा, त्यामुळे तर्क कुठे लंगडला तरी वाचक फारसा कुरकुरत नसे. चारशे पानं वाचायला लावणाऱ्याला ती सवलत नाही.

नवा लेखक असेल तर आधी वाचनालयातून आणा. आणि कोडं सोडून कथा भलतीकडेच रेंगाळू लागली, तर बिनदिक्कत अर्ध्यावर परत करा. रहस्यकादंबरी पुरी केलीच पाहिजे असं कुठल्याही वाचनालयाच्या नियमांत लिहिलेलं नाही.